‘माझंच काहीतरी चुकलं असणार’ : हळव्या मुलांच्या आयांसाठी

छातीत धडधडणं, डोकं जड होणं, पित्त, रात्री झोप न लागणं. मोडनिंबमधल्या माझ्या दवाखान्यात २५ ते ४० वयाच्या बायका या तक्रारी घेऊन रोज येतात. मी नाडी आणि रक्तदाब बघते, हिमोग्लोबिन आणि थायरॉईड करायला सांगते, गरज वाटली तर ईसीजी काढते. हिमोग्लोबिन बऱ्याच जणींचं कमी निघतं, त्यावर लोहाच्या गोळ्या सुरू होतात. पण काही जणींचे सगळे रिपोर्ट नीट येतात आणि धडधड मात्र जात नाही. अशा वेळी मी पेन बाजूला ठेवून विचारते, “घरी काय चाललंय?” पुष्कळदा उत्तर नवऱ्याबद्दल किंवा सासूबद्दल येत नाही, मुलाबद्दल येतं.

“मॅडम, पोरगं लय हळवं आहे. जरा काय बोलायची सोय न्हाय. माझंच कायतरी चुकलं असणार.”

आज या शेवटच्या वाक्याबद्दल लिहिते आहे. मी फिजिशियन आहे, बालरोगतज्ज्ञ किंवा मानसोपचारतज्ज्ञ नाही. पण हे वाक्य मी वर्षानुवर्षं ऐकते आहे, आणि मी स्वतः एका हळव्या मुलीची आई आहे. शहरात याला ‘मॉम गिल्ट’ म्हणतात. नाव पुण्या-मुंबईचं वाटलं तरी दुखणं खुरपायला जाणाऱ्या बाईलाही तेवढंच आहे.

हळवं मूल म्हणजे कसं मूल?

माझी मुलगी लहान असताना नव्या फ्रॉकच्या मानेमागचं लेबल कापल्याशिवाय तो घालायची नाही. दारावरून वरात निघाली, हलगी आणि बँजो सुरू झाला की गल्लीतली सगळी पोरं नाचायला पळायची आणि ही आतल्या खोलीत जाऊन उशीत डोकं खुपसायची. शाळेत बाई दुसऱ्याच कुणाला रागावल्या तरी ही घरी येऊन जेवायची नाही. आणि दिवसातून दहा वेळा विचारायची, “आई, तू माझ्यावर चिडलीस का?” मी चिडलेली नसायचे, ओपीडी करून दमलेली असायचे. माझ्या चेहऱ्यातला फरक तिला बरोबर दिसायचा, फक्त त्याचा अर्थ ती स्वतःकडे ओढून घ्यायची.

“आई दिवसभर पेशंटमध्ये, मग लेकरू असंच होणार,” हे मी चहाच्या कपाबरोबर कितीदा ऐकलं असेल, मोजलेलं नाही. आमच्या शेजारच्या बाई पूर्णवेळ घरी असायच्या. त्यांचा मुलगाही असाच. त्यांना ऐकवलं जायचं, “सारखा पदराखाली ठेवलास, म्हणून असा झाला.” मला तेव्हाच शंका आली होती की, ज्या दुखण्याचं कारण म्हणून दोन उलट गोष्टी सांगता येतात, त्याचं खरं कारण बहुधा तिसरंच असतं.

इलेन एरॉन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी अशा माणसांवर १९९६ मध्ये आणि अशा मुलांवर २००२ मध्ये पुस्तक लिहिलं, तेव्हापासून ‘अतिसंवेदनशील मूल’ हा शब्द सगळीकडे गेला. हा आजार नाही. निदानाच्या वैद्यकीय यादीत असं कुठलं नाव नाही. हा स्वभावाचा एक प्रकार आहे. आवाज, वास, कपड्याचा स्पर्श, दुसऱ्याच्या आवाजातली धार हे सगळं अशा मुलापर्यंत जास्त जोरात पोचतं आणि ते आत मुरायला वेळ लागतो. वेगवेगळ्या अभ्यासांत अशा मुलांचं प्रमाण साधारण २० ते ३० टक्के येतं. म्हणजे ४० मुलांच्या वर्गात आठ ते बारा मुलं. तुमचं एकटंच तसं नाही.

हार्वर्डचे जेरोम केगन यांनी चार महिन्यांच्या बाळांना रंगीत हलती खेळणी दाखवली, नवे आवाज ऐकवले, नवे वास दिले. बरीच बाळं शांत राहिली. साधारण पाचांतलं एक बाळ हातपाय झाडून रडू लागलं. पुढे वर्षानुवर्षं या मुलांना बघितलं, तेव्हा या रडणाऱ्या गटातली बरीच मुलं नवख्या ठिकाणी बुजणारी निघाली. सगळी नाही, पण बरीच. आता मला सांगा, चार महिन्यांच्या बाळावरचे कोणते संस्कार आईने बिघडवलेले असणार?

२०२० साली ब्रिटनमधल्या किशोरवयीन जुळ्यांवर झालेल्या अभ्यासात असं दिसलं की, मुलामुलांच्या संवेदनशीलतेत जो फरक असतो त्यातला सुमारे ४७ टक्के जनुकांमुळे येतो. उरलेला परिस्थितीमुळे. पण परिस्थिती म्हणजे एकटी आई नव्हे. त्यात बाप आला, भावंडं आली, शाळा, आजारपणं, गल्ली, आणि निव्वळ योगायोगही आला. आपल्याकडे मात्र ही सगळी बेरीज आईच्या नावावर जमा होते.

आईला धरायची जुनी खोड

“सातव्या महिन्यात माझे वडील गेले, मी लय रडले, म्हणून हा असा रडका झाला का?” हा प्रश्न मला एका बाईने विचारला, तेव्हा तिचा मुलगा नऊ वर्षांचा होता. नऊ वर्षं ती हे मनात घेऊन फिरत होती. कुणी ग्रहणात भाजी चिरल्याचं सांगतं, कुणी गर्भसंस्काराची सीडी ऐकली नाही म्हणून हळहळतं. ग्रहणाचा बाळाच्या स्वभावाशी काही संबंध नाही. गरोदरपणात फार तीव्र आणि दीर्घकाळ ताण असेल, मारहाण असेल, उपासमार असेल, तर बाळावर काही परिणाम होऊ शकतो, हे खरं आहे. पण वडील गेल्यावर मुलगी रडली, याला ताणाचा आजार म्हणत नाहीत. आणि गरोदर बाईला मारहाण होत असेल तर अपराधी ती बाई नव्हे, हे सांगायला डॉक्टर लागू नये.

डॉक्टरांनीही या बाबतीत आयांना कमी छळलेलं नाही. अमेरिकेत लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये ऑटिझमचं वर्णन केलं आणि पुढे काही दशकं ‘थंड, फ्रिजसारख्या आयांमुळे’ मुलं अशी होतात असं मोठमोठे लोक सांगत राहिले. ब्रूनो बेटेलहाइम यांनी तर १९६७ मध्ये या मतावर जाडजूड पुस्तक लिहिलं. ते मत साफ चुकीचं होतं. तोवर हजारो आयांनी ते खरं मानून आयुष्य काढलेलं होतं.

याच्या विरुद्ध बोलणाऱ्यांत स्टेला चेस नावाच्या बालमानसोपचारतज्ज्ञ होत्या. त्यांनी आणि त्यांचे पती अलेक्झांडर थॉमस यांनी १९५६ पासून न्यूयॉर्कमधल्या शंभराहून जास्त मुलांना तान्हेपणापासून बघत नेलं. त्यांना दिसलं की मुलं पहिल्या महिन्यांपासूनच वेगवेगळ्या स्वभावाची असतात, आणि प्रश्न मुलाचा किंवा आईचा नसून दोन्हींचा मेळ बसण्याचा असतो. १९६४ मध्ये चेसबाईंनी ‘माल द मेर’ नावाचा एक लेख लिहिला. फ्रेंचमध्ये या उच्चाराचा अर्थ बोट लागणं, आणि एक अक्षर बदललं की ‘आई लागणं’. प्रत्येक आजाराचं कारण आईत शोधणाऱ्या डॉक्टरांना त्यांनी हा चिमटा काढला होता. मला तो फार आवडतो.

डाळिंब आणि बोर

थॉमस बॉइस नावाच्या अमेरिकन बालरोगतज्ज्ञांनी अशा मुलांना ऑर्किडची उपमा दिली आहे. ऑर्किड आमच्या माढा तालुक्यात कोण बघतंय? मी पेशंटना डाळिंब सांगते.

बोर बांधावर येतं, पाऊस कमी पडला तरी फळ देतं, त्याच्याकडे वर्षभर कुणी बघत नाही. डाळिंबाचं तसं नाही. पाणी किती, ताण किती, छाटणी कधी, सगळं सांभाळावं लागतं. दमट हवेत तेल्या पसरतो, म्हणून कितीतरी बागायतदार पावसाळ्यातला मृग बहार सोडून हस्त बहार धरतात. झाड तेच, जमीन तीच, फक्त वेळ बदलली. तेल्याने आपल्याकडच्या शेतकऱ्याला रडवलं आहे, ती गोष्ट वेगळी. पण डाळिंब बोरासारखं का नाही, माझ्या हातून कोणतं पाप झालं, असा विचार करत कुठला शेतकरी रात्र जागवत नाही. पीकच असं आहे म्हणतो आणि फवारणीचं वेळापत्रक काढतो. त्याच सोलापूरच्या डाळिंबाला पुढे भौगोलिक मानांकन मिळालं.

बॉइस यांना आढळलेली गोष्ट अशी : घरात किंवा शाळेत ताण जास्त असेल तर ही मुलं इतरांपेक्षा जास्त आजारी पडतात, सर्दी-खोकल्यासारखे आजारसुद्धा त्यांना जास्त होतात. पण वातावरण निवळलेलं असेल तर हीच मुलं इतरांपेक्षा कमी आजारी पडतात. म्हणजे ज्या कातडीला वारा लवकर लागतो तिलाच ऊबही लवकर लागते. आईचं महत्त्व यात आहेच, मी नाकारत नाही. मुलाचा स्वभाव तिने बनवलेला नसतो, पण पुढे त्याला काय मिळतं यात तिचा वाटा असतो. बापाचाही.

‘श्यामची आई’ मी कशी वाचते

मराठी घरात चांगली आई म्हणजे कोण, हे साने गुरुजींनी ठरवून टाकलं आहे. १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात त्यांनी ‘श्यामची आई’ लिहिलं, १९३५ मध्ये ते छापून आलं, १९५३ मध्ये अत्र्यांनी त्यावर चित्रपट काढला आणि त्याला राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक मिळालं. तीन पिढ्यांच्या आया या आईशी स्वतःची तुलना करत आल्या आहेत.

डॉक्टरच्या नजरेने बघितलं तर श्याम हे हळव्या मुलाचं पाठ्यपुस्तकातलं उदाहरण आहे. अंघोळ झाल्यावर ओल्या तळव्यांना माती लागलेली त्याला सहन होत नाही. आई पदर पसरते आणि तो त्यावरून चालतो. हा प्रसंग सगळ्यांना पाठ असतो. पोहण्याचा प्रसंग मात्र कुणी फारसा काढत नाही. पाण्याला घाबरून श्याम लपून बसतो आणि हीच आई त्याला मारते, विहिरीवर धाडते. आपल्या मुलाला लोकांनी भित्रा म्हणू नये, ही तिचीही काळजी होती. नंतर ती त्याला जवळ घेऊन समजावते. पदर पसरणारी आणि हात उगारणारी बाई एकच आहे. मारणं बरोबर होतं असं मी म्हणणार नाही, आज तर मुळीच नाही. पण आपण जिला आदर्श मानतो तिचाही हात उठला होता, आणि तिचा मुलगा तिला आयुष्यभर कोणत्या गोष्टीसाठी आठवत राहिला, ते आपल्यासमोर आहे.

शिवाय ती गोष्ट मुलाने सांगितलेली आहे, आई जाऊन पंधरा-सोळा वर्षं झाल्यावर. यशोदाबाईंना रात्री अंथरुणावर पडल्यावर काय वाटत होतं, ते कुणी विचारलं नाही.

हा हळवा मुलगा मे १९४७ मध्ये आमच्या शेजारच्या पंढरपुरात, विठ्ठलाचं मंदिर दलितांसाठी खुलं व्हावं म्हणून उपोषणाला बसला आणि मंदिर खुलं झालं. दुसऱ्याला लागलेलं स्वतःला लागणं ही ताकद असते ती अशी. पण गुरुजींना आयुष्य सोपं गेलं नाही आणि त्यांचा शेवट फार दुःखद झाला, हेही विसरता येत नाही. म्हणून हळवेपणाचे नुसते गोडवे गाणाऱ्या लेखांवर माझा विश्वास नाही. या मुलांना खरोखर जास्त लागतं आणि त्यांना मदत लागते.

अपराधीपणा काय करतो

एका बाईची हकिगत सांगते, ओळख पटू नये इतपत बदलून. वय तिशीच्या आसपास, डाळिंब तोडणीला जाणारी. मुलगा दुसरीत. गणपती विसर्जनात वडिलांनी त्याची भीती मोडायची म्हणून त्याला डॉल्बीच्या पुढे नेऊन उभा केला. पोराची चड्डी ओली झाली, लोक हसले. घरी आल्यावर बापाने ते आईवर काढलं, आईने पोराला एक थोबाडीत दिली, आणि रात्री तो झोपल्यावर त्याच्या गालावरून हात फिरवत रडत बसली. दुसऱ्या दिवशी पाच रुपयाच्या ऐवजी वीस रुपयांचा खाऊ दिला, मोबाईल दिला. संध्याकाळी त्याने मोबाईल सोडला नाही म्हणून परत चिडली. हे चक्र तिच्या घरी वर्षभर चालू होतं.

अपराधीपणा आईला एका टोकावरून दुसऱ्या टोकाला फेकतो. आधी सगळं मान्य, मग एकदम भडका. आणि समोरचं मूल तर चेहरे वाचण्यात पटाईत. आईचा कोमेजलेला चेहरा बघून ते ठरवतं की हे आपल्यामुळे झालं. आता घरात दोन अपराधी, आणि अपराध कुणाचाच नाही.

ती बाई माझ्याकडे आली ती धडधडीसाठी. हिमोग्लोबिन ८.६. बोलता बोलता म्हणाली, “त्याला दुसरी आई असती तर बरं झालं असतं.” हे ऐकल्यावर मी थांबते. मी सरळ विचारलं, “जीव द्यावासा वाटतो का?” असं विचारल्याने डोक्यात नसलेला विचार येतो, हा गैरसमज आहे, उलट माणूस मोकळं होतं. ती म्हणाली, जीव द्यायचा नाही, पण झोपल्यावर उठूच नये असं वाटतं. याला मी खंत म्हणत नाही, हे नैराश्य आहे आणि त्याला औषध आहे. तिला लोह सुरू केलं, नवऱ्याला आत बोलावून सगळं समजावलं आणि त्याच आठवड्यात मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं. दोन-तीन महिन्यांत तिची झोप परतली. मुलगा अजून रडतो. विसर्जन तो आता चुलत्याच्या गच्चीवरून बघतो. नवऱ्याला हे अजून पूर्ण पटलेलं नाही, पण तो त्याला खाली ओढत नाही.

आवाजाच्या बाबतीत, जाता जाता सांगते, ते पोरगंच बरोबर आहे. कायद्याने रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. डॉल्बीसमोर कान झाकणाऱ्या मुलाला मी भित्रा म्हणणार नाही, शहाणा म्हणेन.

मग करायचं काय?

एडवर्ड ट्रॉनिक यांनी आया आणि तान्ही बाळं एकमेकांशी कशी ‘बोलतात’ याचं बारकाईने निरीक्षण केलं. निरोगी, प्रेमळ जोड्यांतही दोघांचा सूर जुळलेला वेळ साधारण ३० टक्केच निघाला. बाकीचा वेळ सूर चुकण्यात आणि परत जुळवण्यात जातो. बाळ घडतं ते या परत जुळवण्यातून. ब्रिटनचे बालरोगतज्ज्ञ विनिकॉट १९५३ मध्येच लिहून गेले होते की मुलाला पुरेशी चांगली आई लागते, परिपूर्ण आई लागत नाही.

तेव्हा आवाज चढला, हात उठला, तर नंतर मुलाजवळ बसा आणि दोन वाक्यं बोला. “मघाशी मी जोरात ओरडले. मी दमले होते, तुझ्यामुळे नाही.” बस. खाऊ नको, मोबाईल नको. आणि त्याच्यासमोर रडत माफी मागू नका, कारण मग तुमचं सांत्वन करायची जबाबदारी ते घेतं. मी माझ्या मुलीला “चिडलीस का?” याचं उत्तर ठरवून टाकलं होतं : “नाही, दमलेय. चहा झाला की बोलू.” आता ती सव्वीस वर्षांची आहे आणि फोनवर माझा आवाज ऐकून मलाच विचारते, “आई, चहा झाला का?”

लग्न, जत्रा, पाहुणे, नवी शाळा याची कल्पना मुलाला आधी द्या, आणि जमलं नाही तर कुठे जाऊन बसायचं हेही ठरवून ठेवा. पण सगळंच टाळू नका. न गेल्याने भीती वाढते. पाण्यात पाय, मग गुडघा, मग कंबर. शाळेतून आल्यावर लगेच “आज काय शिकवलं?” नको, थोडा वेळ शांत बसू द्या. पाहुण्यांसमोर “हा ना, फार रडका आहे” ही टेप लावू नका. आणि हळवं आहे म्हणून नियम सोडू नका. अभ्यास, झोपेची वेळ, मोबाईल, याबाबत ‘नाही’ म्हणजे नाहीच, फक्त हळू आवाजात म्हणा.

काही गोष्टी मात्र स्वभाव म्हणून सोडून देऊ नका. मूल नावाने हाक मारली तरी बघत नाही, बोलणं उशिरा येतंय, शिकलेले शब्द विसरतंय, तर ऐकण्याची आणि विकासाची तपासणी करा. अंगणवाडी आणि सरकारी शाळांत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं, ते ही तपासणी मोफत करतं. चिडचिडीबरोबर मूल फिकट दिसत असेल, माती खात असेल तर हिमोग्लोबिन बघा. आनंदी मूल काही आठवड्यांत एकदम गप्प झालं, एखाद्या माणसाकडे किंवा शाळेत जायला घाबरू लागलं, तर ‘हळवं आहे’ म्हणून गप्प बसू नका. कुणी त्रास देतंय का, ते शांतपणे शोधा.

आणि तुमचं स्वतःचं : दोन आठवड्यांहून जास्त झोप नाही, जेवण जात नाही, कशातच मन लागत नाही, आपण नसतो तर बरं असं वाटतं, यातलं काही असेल तर जवळच्या डॉक्टरांना सांगा. टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे, रात्रीबेरात्री लागतो आणि मराठीत बोलता येतं. दवाखान्यात येताना मुलाच्या वडिलांनाही आणा. त्यांना बाहेर मोटारसायकलवर बसवून ठेवू नका, आत तिसरी खुर्ची आहे.